जाम सुटेपर्यंतची प्रेमकथा

माझ्या बसमधल्या शेजारणीइतकी चेंगट प्रेमकथा लिहिणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल. आम्ही दोघी एकाच कंपनीत. कंपनीची बस रोज सकाळी आम्हाला डोंबिवलीहून घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात नेऊन टाकते, आणि त्या वाटेत ही मोबाइलवर कादंबरी लिहायची. एकाच ऑफिसातल्या दोन बायका एकमेकींच्या प्रेमात पडतात. पडतात म्हणजे, पडायला बघतात. कारण ही लिहायची ती फक्त बस अडकली की. चाकं हलली की मोबाइल पर्समध्ये. एकदा लिफ्टमध्ये नायिकेने दुसरीच्या खांद्यावरचा धागा काढायला हात पुढे केला, तेवढ्यात जाम सुटला. नेमका तो आठवडाभर रस्ता मेला मोकळा, आणि तो हात सोमवारपासून शुक्रवारपर्यंत हवेतच. मी वैतागून म्हटलं, "अगं, तिचा हात अवघडला असेल." तर म्हणे, "घाई कोणाला आहे?"

मला होती. प्रत्येक प्रकरण ती मला वाचून दाखवायची आणि प्रत्येक प्रकरणाला मी भडकायचे. दोन बायका प्रेमात पडतात याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पडत नाहीत ही तक्रार होती. एकविसाव्या प्रकरणात दोघी चार पानं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतात. एकतिसाव्यात एक आजारी पडते, तर दुसरी तिला काय पाठवते? मीटिंगचे मुद्दे. बाकी बाई प्रेमळ. माझ्यासाठी पर्स ठेवून खिडकीची जागा अडवायची, डब्यात दोन चमचे आणायची.

मग तिची पुण्याला बदली झाली. शेवटच्या आठवड्यात बस कापूरबावडीला अडकली आणि तिने एकेचाळिसावं प्रकरण वाचलं. मी तिच्या डब्यातला उपमा खात होते. नायिका दुसरीसाठी रोज डब्यातला कढीपत्ता वेचून काढते, आणि दुसरीला वर्षभर त्याचा पत्ताच नाही. मी कडाडले, "मठ्ठ आहे ही. आणि त्या पहिलीला म्हणावं, एका वाक्यात सांगून टाक."

"भीती वाटते गं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नाही म्हणाली, तर बस रोज तीच आहे."

मी उपम्याकडे पाहिलं. कढीपत्त्याचं एक पान नव्हतं. वर्षभर नव्हतं.

तिला शेंगदाणे आवडत नाहीत. तिच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, मी पोहे केले आणि त्यातले शेंगदाणे एकेक वेचून काढले. मुळात घालायचेच नव्हते, हे नंतर सुचलं. तिने डबा उघडला आणि चमच्याने पोहे वरखाली करून पाहिले. माझं वाक्य तयार होतं. कापूरबावडीला बस थांबली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. बस थांबलीच नाही. थेट ऑफिस आलं. मोकळ्या रस्त्याचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

उतरताना ती एवढंच म्हणाली, "बेचाळिसावं तू लिही."

चार आठवडे झाले. प्रकरण एकाच वाक्याचं आहे, आणि मी ते अजून तिला पाठवलेलं नाही. बस मात्र रोज अर्धा तास अडकते.