हात द्यायचा नाही

मालेगावच्या धान्यबाजारात मी अठरा वर्षं हमाली केली, त्यातली सोळा एकाच जोडीदाराबरोबर. क्विंटलचं पोतं हे एकट्याचं काम नाही. एकानं ट्रकवर उभं राहून पोतं काठाला सरकवायचं, दुसऱ्यानं खाली वाकून पाठ लावायची. पुढच्या ट्रकला जागा बदलायच्या. वरच्यानं घाई केली की खालच्याची कंबर गेलीच समजा. सोयरीक पाहतात तसं पाहूनच जोडीदार घ्यावा लागतो. माझा जोडीदार पोतं सोडण्याआधी दर वेळी विचारायचा, "देऊ का?" मी "दे" म्हटल्याशिवाय बोट ढिलं करायचा नाही.

मी वैतागायचो. "अबे, काहून विचारतं घडीघडी? पयल्यांदा वाकलो काय मी?"

तो हसायचा आणि पुढच्या पोत्याला परत विचारायचा.

इतकं जपूनही चाळिशीच्या आत त्याचीच कंबर गेली. सकाळी भिंत धरून उठायचा. त्याला पाहूनच माझ्या डोक्यात संघटनेचं खूळ शिरलं, खोटं कशाला सांगू. मागणी एकच होती: पोतं पन्नास किलोचं करा. व्यापारी म्हणाले, रिकाम्या पोत्यांचा बारदाना दुप्पट लागतो, परवडत नाही. मग ऐन सोयाबीनच्या हंगामात काम बंद करायचं ठरलं.

पण आम्ही नुसते बसून काय होणार होतं? शेतकऱ्यांनी घरची माणसं आणून माल उतरवला असता की खेळ खलास. म्हणून मेडशीच्या बाजूची गावं आम्ही दोघांनी मोटरसायकलवर पालथी घातली. मी चालवायचो, तो मागं बसून प्रत्येक खड्ड्याला "आई वो" करायचा. एका पारावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं रोखठोक सांगितलं, "आमी माल घरी ठेवतो. पन तुमच्यातल्या एकानंबी कोनाचं पोतं उतरवलं, तं दुसऱ्या दिवशी आमी ट्रॅक्टर भरून आनू." आम्ही शब्द दिला. बाजारात सांडलेलं धान्य झाडून नेणाऱ्या बायाही आमच्याबरोबर बसायला तयार झाल्या. मारुतीच्या देवळात सगळ्यांनी पोती ओढायचे आपापले हूक एका ढिगात ठेवले आणि त्यावर हात ठेवून शपथ घेतली. जो फुटेल, त्याला हंगामभर कोणी हात द्यायचा नाही. ही ओळ माझी होती. आवाज चढवून वाचली होती मी.

पाचव्या दिवशी दुपारी त्याची बहीण टेम्पो घेऊन आली. नवरा कामासाठी पुण्याकडं गेलेला, घरावरचे टिन गळके, आणि आभाळ काळंकुट्ट. सोयाबीन भिजलं तर मोड येणार. टेम्पोवाला म्हणाला, उतरवता का चिखलात ओतू?

जोडीदार माझ्याकडं आला. "बईन हाय बे. शेडात ठेवतो फक्त. इकत नाई."

"नाई," मी म्हणालो.

"मंग तू तिकडं पाय."

मी नाही पाहिलं तिकडं. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं नऊ पोती एकट्यानं उतरवली, आणि शेवटचं आत गेलं तसा पाऊस कोसळला. संध्याकाळपर्यंत तीन गावांचे फोन आले: तुमचा माणूस फुटला, आम्ही ट्रॅक्टर भरतोय. मी गयावया केली, उद्या सकाळी काय करतो ते बघा म्हणालो.

सकाळी सगळ्यांसमोर मी त्याला हात बंद केला. तो हाताची घडी घालून उभा होता. "बरोबर हाय," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गावं थांबली. बाराव्या दिवशी व्यापारी वाकले, पण पन्नास किलोचं पोतं पुढच्या हंगामापासून. म्हणजे उरलेला हंगाम क्विंटलचाच. आणि तो एकटा. स्वतःच ट्रकवर चढून पोतं काठाला ओढायचा, स्वतःच खाली उतरून पाठ लावायचा आणि हात मागं टाकून अंगावर घ्यायचा. मी शेजारच्या ट्रकला नव्या जोडीदाराबरोबर असायचो. रोज वाटायचं, जावं आणि हात द्यावा, गेली ती शपथ खड्ड्यात. पण मी संघटनेचा सेक्रेटरी ना बापा! मोठा लागून गेलो होतो.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तो पोत्याखाली गेला. मी धावलो. त्या हंगामात त्याला पहिला हात मीच दिला, तो असा. तेव्हापासून त्याचे पाय त्याला धरत नाहीत.

यंदा पन्नास किलोचं पोतं आलं. बाजारात गुलाल उधळला, बायांनी हमालांना ओवाळलं, मेडशीकडून तो म्हाताराही मुद्दाम आला. मी पेढे घेऊन जोडीदाराच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर पडला होता.

"एकट्याले उचलते काय?" त्यानं विचारलं.

"उचलते."

"जोडी नाई लागत?"

"नाई."

"बरं झालं मंग," म्हणाला आणि पेढा तसाच हातात धरून राहिला.

ऊन बाजेवर आलं होतं. त्याची बायको आतून म्हणाली, "भाऊजी, जरा सावलीत घेता काय त्याईले?" मी वाकून त्याच्या काखेत हात घातले. तो दर पोत्याला विचारायचा आणि मी काही न विचारता त्याला हात बंद केला होता, हे एकदम आठवलं, आणि हात तिथंच थांबले.

"उचलू का?" मी विचारलं.

त्याचं "उचल" ऐकायला मी तसाच वाकून राहिलो.