केशरबाईच्या खारोड्या

मी चहा विकायचो. जालन्यातल्या एका पेढीचा फिरता विक्रेता म्हणून भोकरदन तालुक्यातली गावं मी बारा वर्षं एसटीनं पालथी घातली. मालकांना वाटायचं, हा गडी कामाला वाघ आहे. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष खाण्यात असायचं. कुठल्या गावात गूळशेव खमंग मिळते, कोणाच्या ओसरीवर जवसाची चटणी कुटून देतात, कोणता सुतार असं पोळपाट करतो की ते भाऊबीजेला बहिणीच्या हातात ठेवावं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. खेड्यात दुकानावर पाटी नसते. म्हणून तिथं चांगलं काही मिळतच नाही असं समजणाऱ्या शहरी लोकांची मला चीड यायची, अजूनही येते.

घरी रिकाम्या हातानं गेलो तर माझी बायको नंदाबाई दोन दिवस नीट बोलायची नाही. आणलेलं तिच्या जिभेला पसंत पडणंही सोपं नव्हतं. एकदा मोठ्या हौसेनं आणलेले पेढे तिनं एक चाखून बाकीचे शेजारी वाटून टाकले. हसनाबादच्या खारोड्या मात्र तिनं डब्यात घालून वरच्या फडताळात ठेवल्या आणि मला रोज चार-चार काढून दिल्या.

खारोडी आमच्याकडे घरोघरी होते. बाजरी ओलवून कांडायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घट्ट शिजवायची आणि बोटांनी छोटे छोटे गोळे कापडावर टाकून कडक उन्हात वाळवायचे. त्यात विशेष ते काय, असं मलाही वाटायचं. पण ही खारोडी दाताखाली कुर्र वाजायची, आधी तीळ लागायचे आणि लसूण सावकाश मागून यायचा. सोबत मूठभर शेंगदाणे आणि कांदा असला की मला जेवणाची आठवण राहायची नाही.

ती मिळायची राधेश्यामच्या दुकानात. राधेश्यामचे पणजोबा राजस्थानातून आले आणि हसनाबादचेच होऊन गेले. दुकानात धान्य, दोरा, कंदिलाच्या काचा असं सगळंच होतं, पण त्याची खरी शान होती आहेराच्या भांड्यांचं फडताळ. बारशाच्या वाट्या, लग्नातले तांबे, डबे तिथं ओळीनं मांडलेले असायचे. भांडं घेतलं की राधेश्याम पायात धरून, छिन्नीवर बारीक हातोडी मारत त्यावर देणाऱ्याचं नाव घालून द्यायचा. नावाशिवाय भांडं कोणी नेत नसे. नेलं तर मांडवात ते कोणाचं म्हणून ओळखायचं?

एके दिवशी त्यानं मला घरी जेवायला नेलं. त्याच्या बायकोनं, लाडबाईंनी, दाल-बाटी केली होती. मी सहज कांदा मागितला आणि सगळे हसायला लागले. कांदा-लसूण त्यांच्या उंबरठ्याच्या आत येत नव्हता. माझा घास हातातच राहिला. लसणाच्या खारोड्या विकणाऱ्या या माणसानं खारोडी कधी चाखलेलीच नव्हती. मग माल चांगला आहे हे तुम्हाला कळतं कसं, असं मी विचारलं. लोक परत येतात त्यावरून, तो म्हणाला. आणि करतं कोण? त्यावर तो एवढंच म्हणाला की माल घरगुती आहे, आणि माझ्या ताटात आणखी एक बाटी वाढली.

करणारी मला पुढच्या खेपेला दिसली. सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरलो तर दुकानाच्या मागच्या दाराशी एक उंच, काळीसावळी बाई डोक्यावरची टोपली उतरवत होती. लसणाचा वास मी गल्लीच्या तोंडाशीच ओळखला. मी तिच्या मागोमाग गेलो, अगदी लाज सोडून, आणि तिला सांगितलं की माझी बायको तुमच्यामुळं माझ्याशी बोलते. ती हसली. तिचं नाव केशरबाई.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्तीत तिचं घर होतं. नवरा भिवा गवंड्याच्या हाताखाली जायचा. दुष्काळाच्या साली दोघं खडी फोडायला होते. त्या सरकारी कामावर खायला मिळणारी सुकडीची भरड पोरं खाईनात, म्हणून केशरबाईनं घरात उरलेल्या बाजरीच्या खारोड्या करून नेल्या आणि कामावरच्या बायकांनी त्या मागून मागून संपवल्या. तेव्हा तिच्या डोक्यात आलं की हे विकता येईल. दुष्काळ सरल्यावर तिनं राधेश्यामला विचारलं. तो हो म्हणाला, फक्त माल मागच्या दारानं आणायचा आणि कोणाचा आहे ते बोलायचं नाही. पाच वर्षं तसंच चाललं होतं. समाजमंदिरात शिक्षकाच्या बायकोकडे, कौसल्याबाईंकडे, बसून ती त्याच काळात लिहा-वाचायला शिकली होती. माझ्यासमोर तिनं कोळशानं भिंतीवर आपलं नाव काढून दाखवलं. अक्षरं मोठी आणि ठसठशीत होती.

एवढं सगळं कळल्यावर तरी मी तोंड आवरायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की चांगली गोष्ट कळली की दहा जणांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पुढच्या गुरुवारी, भर बाजाराच्या दिवशी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मी दारातूनच म्हणालो, "राधेश्यामजी, केशरबाईच्या खारोड्या बांधा शेरभर."

राधेश्यामची हातोडी थांबली. गल्ल्याजवळ गावचे मोठे बागायतदार काकासाहेब यांच्या पत्नी पुष्पाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात खारोड्यांचा पुडा होता. त्यांनी तो हळूच फळीवर ठेवला आणि घरी अजून शिल्लक आहेत असं म्हणून त्या निघाल्या. मग आणखी दोघींना आठवलं की त्यांच्याही घरी शिल्लक आहेत.

यातली खरी गंमत, आणि मला आजही संताप आणणारी गोष्ट, अशी की सगळ्यांना ठाऊक होतं. मारवाड्याच्या घरात लसूण शिजत नाही हे गावात पाळण्यातल्या पोराला माहीत. टोपली कुठून येते हे ज्यानं पाहिलं नसेल असं गल्लीत एकही घर नव्हतं. माहीत असून खाता येत होतं. नाव मोठ्यानं घेतलं आणि मग खाता येईना. पंधरा दिवसांत राधेश्यामनं माल घेणं बंद केलं. तो मला ओरडला नाही. म्हणाला, "वसंतराव, तुम्ही बोलले ते बिलकुल बराबर होतं. पण दुकान मला चालवायचं आहे."

त्या दिवशी घरी गेलो आणि डबा काढताना मला स्वतःचीच लाज वाटली. मीही नंदाबाईला एवढे दिवस 'राधेश्यामच्या दुकानच्या खारोड्या' असंच सांगत आलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली होती, आणि ते खारोडी कोणी केली म्हणून नव्हतं. एका बाईचं चालतं काम तुम्ही जिभेच्या हौसेपायी बसवलंत, म्हणाली, आता जाऊन निस्तरा.

मी गेलो. अंगणात खाटेवर, कापडांवर, सुपांत सगळीकडे खारोड्या वाळत होत्या. सणासुदीच्या आधी दुकानात जास्त लागतील म्हणून तिनं दोन पोती भरतील एवढ्या केल्या होत्या आणि आता त्या घ्यायला कोणी नव्हतं. मी माफी मागितली. ती खारोड्या पालटत राहिली.

"तुम्ही खोटं बोलले का?" तिनं विचारलं.

नाही, मी म्हणालो.

"मंग माफी कशाची? राग आल्ता मला. पण तुमचा न्हाई. पाच वर्षं मी मागच्या दारानं गेले, त्याचा आला. भाऊ, चमच्यावरसुद्धा नाव घालून देतो तो. माझ्या पुड्यावर का न्हाई?"

तिनं ठरवूनच टाकलं होतं. चैत्रात पिंपळगावला रेणुकाईची जत्रा भरते, तिथं आपलं दुकान मांडायचं आणि पिशव्यांवर नाव घालायचं. भिवाला ते पटलं नव्हतं. माल तसाच परत आला तर एक वेळ ढोरांना घालता येईल, पण गावासमोर झालेली फजिती कुठं नेऊन टाकायची, असं तो म्हणत होता. वस्तीतल्या काहींनी तर आपण बौद्ध होऊन देवी सोडली त्याला वीस वर्षं झाली, तू जत्रेत कशी बसतेस, असंही विचारलं. त्यांना तिचं उत्तर होतं, "मी देवीला न्हाई चालले. बाजाराला चालले."

मी पेढीतून खाकी कागद आणून दिला. पिशव्या भिवानं चिकटवल्या, कुरकुरत का होईना. नाव केशरबाईनं स्वतः लिहिलं, निळ्या शाईनं, एकेका पिशवीवर: केशरबाईच्या खारोड्या, हसनाबाद. राधेश्यामनं आपला जुना तराजू वजनांसकट पाठवला. स्वतः मात्र आला नाही. त्याच्याकडून एक बातमी तेवढी कळली. पुष्पाबाईंची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती आणि तिला डोहाळे लागले होते नेमके त्याच खारोड्यांचे. गावातल्या पाच जणींनी करून पाहिल्या, पोरगी एकेक घास थुंकून टाकत होती. राधेश्याम सांगताना हसला नाही, मीही हसलो नाही. पोटुशी बाई उपाशी राहतेय यात हसण्यासारखं काही नव्हतं.

जत्रेच्या दिवशी मी सकाळपासून केशरबाईजवळ बसून होतो. एका बाजूला रेवड्यांचं दुकान, पलीकडे बांगड्यांचं. माणसं यायची, वास घ्यायची, थांबायची. मग पिशवी वाचायची. परगावच्यांना काही कळत नव्हतं, पण हसनाबादचं एखादं माणूस त्यांच्या कानाशी लागायचं आणि ती पुढं सरकायची. केशरबाईच्या वस्तीतल्या दोन-चार बायकांनी पिशव्या घेतल्या आणि एका फुगेवाल्यानं घेतली. दुपार कलली तरी पहिलं पोतंसुद्धा पाऊण भरलेलं होतं. मला बसवेना. मी म्हणालो, आपण साध्या कागदात बांधून पाहू. आज माल जाऊ दे, नावाचं पुढं बघू.

केशरबाईनं माझ्याकडं पाहिलं. एवढी थकलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "साध्या कागदात तर पाच वर्षं गेल्या," ती म्हणाली.

उन्हं जरा उतरली तेव्हा पुष्पाबाई आल्या. एकट्याच होत्या. गडी पाठवला असता तर चाललं असतं, पण गड्यानं आणलेल्या खारोड्या याच कशावरून, अशी शंका बहुधा त्यांना आली असावी. त्या समोर उभ्या राहिल्या, रेवड्यांकडे बघत.

"दोन शेर दे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "साध्या कागदात बांध."

"साधा कागद न्हाई, बाई. ह्याच पिशव्या हायत."

पुष्पाबाईंनी पिशवीवरचं नाव वाचलं. मला वाटलं, गेल्या आता. त्या गेल्या नाहीत. "पोरीनं दोन दिवस धड खाल्लं न्हाई," त्या म्हणाल्या. हे त्या कोणाला सांगत होत्या कोण जाणे.

केशरबाईनं तराजू उचलला. दोन शेर जोखले आणि वर एक मूठ घातली. ही पोरीसाठी, म्हणाली, कच्च्या देऊ नका, जराशा भाजून द्या, पोटाला जड पडणार न्हाईत. पुष्पाबाईंनी मान हलवली. त्यांनी पिशवी घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि पदराखाली धरून वळल्या.

"बाई," केशरबाईनं हाक मारली. आवाज नेहमीचाच होता, माल विकणाऱ्या माणसाचा. "पदराखाली घामानं मऊ पडतील त्या. पोरगी खाणार न्हाई. हातात धरून न्या."

पुष्पाबाई थांबल्या. चैत्राचं ऊन होतं, त्यांच्या पाठीवर पोलकं चिकटलं होतं. खारोडी मऊ पडली की तिची चव जाते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मग त्यांनी पिशवी पदराखालून काढली आणि दोन्ही हातांत समोर धरली.

तशाच त्या जत्रेतून चालत गेल्या. बांगड्यांच्या दुकानापाशी हसनाबादच्या तिघीजणी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी पाहिली, मग पुष्पाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. एकीनं काहीतरी विचारलं. पुष्पाबाईंनी हात वर करून आमच्या दिशेला बोट दाखवलं.

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, भाऊ, त्या पिशव्या जरा इकडं सारा.