पेपरवाली सवारी

पुण्याच्या ऑफिसातल्या दोन मित्रांना गोसीखुर्द धरण दाखवायचं म्हणून वरठी स्टेशनवर मी अख्खी काळीपिवळी जीप ठरवली. चालक पन्नाशीचा, गळ्यात दुपट्टा. गाडी आमची असूनही प्रत्येक फाट्यावर त्याचा पाय ब्रेककडे जायचा. हात दाखवणाऱ्यांना तो हात जोडून पुढे निघायचा, जणू घरच्या लग्नाला नाही म्हणतोय.

अड्याळच्या पुढे मात्र त्याने गाडी थांबवलीच. परीक्षेचं पॅड छातीशी धरून एक मुलगी उभी होती, रडवेली.

"काका, बस आलीच नाही. पवनीले पेपर आहे माझा."

"बस, बाई."

"अहो, पूर्ण गाडी आम्ही केलीय," एक मित्र कुरकुरला.

"धरण कुठी उठून जाते का साहेब? पेपर जाते."

मी मागे सरकून तिला जागा दिली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि अशाच काळीपिवळीला मागे लटकून मी बी.ए. झालो. मित्रांना तिथेच गाडीत ते सांगून टाकलं.

पवनीत त्याने गाडी थेट कॉलेजच्या फाटकाशी नेली. मुलगी पळत आत गेली. हा मात्र हलेना.

"आता काय राहिलं?" मित्राने विचारलं.

"आत घेतलं का नाही, ते पाहून राहिलो. उशीर झाला म्हणून वापस पाठवलं, तर रडत एकटी कुठी जाईन पोरगी?"

मग आम्ही चौघंही फाटकाकडे पाहत बसलो. घंटा झाली. ती बाहेर आली नाही, तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला.