आजीचा हात आणि मेंदूचा आलेख

मायमूना आयझॅक्स बावीस वर्षे केपटाउनच्या मुलांच्या इस्पितळात मेंदूचे आलेख काढत आली होती. निकाल सांगणे हे तिचे काम नव्हते, आणि ती तो कधी सांगतही नसे. मग लोक तिचा चेहरा वाचू पाहत. म्हणून डोक्याला तारा चिकटवताना ती रविवारच्या कूसिस्टर या तळलेल्या गोड पदार्थाचा पाक किती घट्ट हवा, यावर अखंड बोले. सोबतच्या परिचारिका म्हणत, हे ऐकून बेशुद्ध मूलसुद्धा कंटाळून उठेल.

शारने नावाची चार वर्षांची मुलगी पाण्यात बुडाली होती. थांबलेले हृदय अकरा मिनिटांनी सुरू झाले. मेंदूचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर सिवे आलेखाच्या पडद्यापुढे हरखून उभा राहिला.

"आंटी मायमूना, लाटा बघा कशा सुरेख येतायत. आजीला सांगून येतो."

"थांब जरा, राजा."

खाटेपाशी शारनेची आजी कात्रीना, जिला सगळे ऊमा म्हणजे आजी म्हणत, नातीला एका तालात थोपटत बसली होती.

"ऊमा, हात बाजूला घ्या बघू."

"का गं? थोपटलं की झोपते ती."

"झोपलीच आहे. आपल्याला उठवायचंय."

आजीने हात उचलला आणि लाटा मावळल्या. उरली जवळजवळ सपाट रेघ. सिवेचा चेहराही तसाच झाला.

"म्हणजे काहीच नाही. मग हेच सांगावं लागेल."

"तेही नाही सांगायचं. झोपेचं औषध आज सकाळीच बंद केलंय ना? अंगात आहेच ते अजून, रेघ त्यानेही दबते. मघाशी तू आजीचा हात वाचलास, आता औषध वाचतोयस. पोरीला अजून कोणी वाचलेलंच नाही."

आशा देण्याची घाई आणि ती काढून घेण्याची घाई, दोन्हींत सुटका होते ती सांगणाऱ्याची. ऐकणाऱ्याला मात्र त्या वाक्यासोबत राहावे लागते.

औषध अंगातून पुरते उतरल्यावर, चौथ्या दिवशी, मायमूनाने पुन्हा आलेख लावला. सर्वांना खाटेपासून दूर उभे केले आणि मुलीच्या कानाशी टाळी वाजवली. रेघ हलली, पसरली, निवली. दुसऱ्या टाळीलाही तेच घडले; मेंदू आवाजाला उत्तर देत होता.

सिवे आजीसमोर बसला. "ऊमा, इतर तपासण्याही बऱ्या आहेत. ती जागी होईल असं वाटतंय. चालेल का, बोलेल का, ते आज मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणायला चार दिवस लागले होय रे?"

"हो, ऊमा."

आजी खाटेकडे वळली. "नाही चालली तर कडेवर घेईन. नाही बोलली तर दोघींचं मी बोलेन. तसंही घरात दुसऱ्या कोणाला मी बोलू देते कुठे?"