पंख्याची अडचण

१८ मे. कूलरची खस बदलत होते, तेवढ्यात वरच्या खोलीतले भाडेकरू मोजपट्टी घेऊन खाली आले. हे गृहस्थ काहीही बघताना आधी मान वाकडी करतात. त्यांच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, त्याची ही सवय.

"वहिनी, इथल्या मुरार भागातला एक फोटो स्टुडिओ बंद होतोय. माझ्या मोठ्या निगेटिव्हवरून भिंतीएवढा फोटो काढता येईल, असं एनलार्जर आहे तिथं. उद्या सकाळी हो म्हटलं नाही, तर कबाडी भंगारात उचलून नेईल."

"मग घ्या की."

"ते जवळजवळ छताएवढं उंच आहे, खोलीत पंखा आडवा येतो. तो उतरवावा लागेल."

"ग्वाल्हेरात, मे महिन्यात? बिनखिडकीच्या खोलीत? उकडून निघाल, भाऊजी!"

"गर्मी तो आती-जाती है, वहिनी. पण पंखा तुमचा. नाही म्हणालात, तर विषय संपला."

आणि त्यांनी निगेटिव्हएवढाच, तळहातात मावणारा एक फोटो आणि भिंग माझ्या हातात दिलं. फोटोत गच्चीवर वाळत घातलेले माझे दोन पापड होते. भिंगातून पाहिलं, तर जिऱ्याच्या दाण्यावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या, आणि कडेला माझ्या बोटाचा ठसा. इतकी वर्षं पापड लाटतेय, पण पापड असा कधी पाहिला नव्हता. भिंग खाली ठेववेना.

"आणि हे भिंतीएवढं होणार?" मी विचारलं.

त्यांनी नुसती मान वाकडी केली.

१९ मे. सकाळी मी मेन स्विच बंद केला, शिडी लावली आणि त्यांचा चहा व्हायच्या आत पंखा स्वतः उतरवला.