गोल हॉलमधली टकटक

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा मारायला जायचो. इंदापूरचा सुतार मी... लाकूड कशानं कडकडतं हे ठाऊक असलेल्याला कोण भिववणार? पण हे ऐका.

नव्वदचं दशक संपत आलेलं. लॅमिनेटच्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग आमच्याकडं नवीनच. बारामतीकडं कन्हेरीजवळ एका नव्या बंगल्यात काम मिळालं, आणि हॉल निघाला गोल! मालकाचे वडील, आबा, तरुणपणी मेंढरं राखायचे. त्यांचाच हट्ट — "कोपरा नगं. कोपऱ्यात इंचू बसतोय." झालं, भोगा आता! प्रत्येक पट्टीसाठी भिंतीशी पुठ्ठा धरून गोलाई काढा, कापा, शिवाय पट्टी फुगेल म्हणून भिंतीशी बोटभर फट सोडा... डोकं उठलं. आबा खुर्ची टाकून बसायचे, "वाकडं कापलंस बघ!" म्हणून चिडवायचे. म्हातारा मला जाम आवडायला लागलेला.

त्या दुपारी घरची मंडळी बारामतीला गेलेली. आबा आत गेले, मला वाटलं झोपले असतील. मी पट्टीला ठोकळा लावून ठोकत होतो... टक टक, टक. भिंतीपलीकडून आलं — टक टक, टक. गोल खोली, आवाज घुमणारच, म्हणून हसलो. हातोडी खाली ठेवली.

टक टक, टक... चालूच!

"आबा!" म्हणून ओरडलो. भिंतीला वळसा घालून मागं गेलो, तर बाथरूम, दार आतून बंद. पटाशीनं कडी उचकटली. आबा पालथे पडलेले, डोक्यातून रक्त, डोळे उघडे, पण तोंडातून शब्द फुटेना. शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर अवघड होतं. संध्याकाळी आबा "पाणी" म्हणाले आणि मी तिथंच बाकड्यावर बसून रडलो. खोटं कशाला सांगू!

घरी आल्यावर त्यांना म्हटलं, "आबा, बरं झालं तुमी भिंत ठोकलीत."

"म्या? आरं, दोन्ही हात अंगाखाली आडकल्यालं, बोट हलंना. ठोकत तर तूच हुतास की लेका! थांबला न्हाईस, म्हणून म्या डोळं मिटलं न्हाईत."

माझी हातोडी तर केव्हाच खाली होती.

मग ठोकत कोण होतं? मला आजही सांगता येत नाही, आणि आता विचारतही नाही. आबा पुढं पुष्कळ वर्षं त्याच हॉलमध्ये बसले, येईल त्याला माझं वाकडं कापलेलं दाखवत.