अर्ध्या ओळीवर उठणारी

आमची धाकटी सून लॅपटॉपवर लिहिताना अर्ध्या ओळीवर उठायची. दूध उतू चाललं, फोन वाजला, की ओळ जिथं असेल तिथं सोडून चालती व्हायची. मला ते खपायचं नाही. जन्मभर गावची कोतवालकी केली, दवंडी कधी मध्येच तोडली नाही. "ओळ तरी पुरी कर," मी म्हणायचो. ती हसायची. "आबा, याच्या ध्यानात राहतं. जसं सोडाल तसं उघडतं."

आणि उघडायचंही. दुसऱ्या दिवशी तीच पानं, त्याच जागी, अन् अर्ध्या ओळीच्या टोकाला उभी काठी लुकलुकत असायची. कर्सर म्हणतात तिला. मी काठीच म्हणतो.

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम ती भडगावजवळच्या आमच्या घरातून करायची. ते आटोपलं की माझं काम: शिवारातल्या वावरांची नावं. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर. नावं माझ्या डोक्यात. बाभूळखळी, तेलणीचा पट्टा, सापमाळ. मी सांगायचो, ती लिहायची. कंपनीचं काम जिथं लिहायची त्याच एडिटरात तिनं माझा वेगळा प्रोजेक्ट केला, तो एका पेनड्राइव्हवर ठेवला, पेनड्राइव्ह घरातल्या जुन्या लॅपटॉपला लावला, त्याच्या बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. "यात दोन फायली जपायच्या, आबा. एकीत घराच्या चालीरीती, म्हणजे पान कसं दिसायचं ते. दुसरीत, घर सोडताना कोण कुठं बसलं होतं ते, म्हणजे बंद करताना कुठलं पान, कर्सर कुठं. ती दुसरी आपली आपण लिहिली जाते." मी चौथी शिकलेला, पण हे लगेच कळलं.

चष्म्याचं तिनं एकदाच विचारलं. "चष्मा म्हाताराले लागस," मी म्हणालो. "माले बठ्ठं दिसस." मला सगळं दिसतं, अशी फुशारकी. "बरं," म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही.

गिरणाकाठच्या वावराशी येऊन मी अडलो.

"आबा, या वावरनं नाव काय शे?"

"काही नाही."

"बठ्ठा वावरसले नाव शे, यालेच नही? कोतवाल इसरी गया का?"

विसरलो नव्हतो. लाडी म्हणजे आमच्याकडे नवी नवरी. सासरच्यांनी घालवून दिलेली एक लाडी त्या वावरातून नदीकडे चालत गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून ते लाडीचं वावर. मी तेव्हा नवा कोतवाल, वाटेवरच उभा होतो. हे सुनेच्या तोंडावर कसं सांगायचं? मीच उठलो. ओळ राहिली: 'गिरणाकाठचं वावर, नाव'.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या मुलानं ओसरीत बायकोवर आवाज चढवला. "या घरात राहायचं तर नोकरी सोड." ती माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही सांगा काय ते." मी खाली मान घालून तंबाखू मळत राहिलो. गावाला ओरडून सांगणारा माणूस मी, पण घरात तोंड उघडलं नाही. दुपारच्या एसटीनं ती शिंदखेड्याला माहेरी गेली. जाताना तो जुना लॅपटॉप पेनड्राइव्हसकट माझ्या खाटेवर ठेवून गेली.

मग मी रोज उघडायचो. तीच पानं, तीच ओळ, 'नाव' या शब्दापुढे काठी. धाकटी विचारून तिथंच उभी आहे असं वाटायचं. त्या ओळीला बोट लावलं नाही. लावलं तर तिची जागा मोडली असती. त्या वावराकडची वाट मी कधीच टाकली होती, आता ते वावर खाटेवर येऊन बसलं.

एकदा चालीरीतींची फाइल उघडली. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. एका ठिकाणी अठ्ठावीस होते. खोडून बारा केले, तर सगळ्या नावांच्या मुंग्या झाल्या. एक अक्षर दिसेना. काठी होती तिथंच घाईनं परत अठ्ठावीस केले. धाकटीचं कंपनीचं काम असल्याच मुंग्यांचं असायचं, मी त्यावरून तिची टिंगल करायचो. माझ्यापुरती अक्षरं तिनं आधीच मोठी करून ठेवली होती, वर माझी फुशारकीही ऐकून घेतली होती.

त्या दिवशी एका बोटानं ती ओळ पुरी केली: 'लाडीचं वावर. लाडी गेली तेव्हा गाव बघत होतं. कोतवालही बघत होता.'

काठी तिथंच ठेवली, बंद केलं, पेनड्राइव्ह काढला नि शिंदखेड्याची एसटी धरली. न बोलावता व्याह्यांच्या दारी मी कधी गेलो नव्हतो. ती पुण्याला राहायला गेली होती. व्याह्यांनी पाणी दिलं. तिला धाडा म्हणून पेनड्राइव्ह मी त्यांच्या हाती दिला.

"काय सांगू तिला?"

"म्हणा, आबांनी नाव सांगितलं."

पंधरा दिवसांनी टपालानं पाकीट आलं. आत पेनड्राइव्ह, चिठ्ठी नाही. लावून बघितला. अक्षरं मोठीच होती. माझी ओळ जशीच्या तशी. तिनं एक शब्द लिहिला नव्हता. फक्त काठी एक ओळ खाली आली होती, आणि कोऱ्या जागेवर लुकलुकत होती.

कोण कुठं बसलं होतं, ते त्या दुसऱ्या फायलीत असतं. धाकटी पुढचं ऐकायला बसली आहे की ऐकून उठून गेली, ते त्यात नसतं.